उस्तादांची वेगळी बादली

"बाबा" हा शब्द ऐकून कुणी घाबरतं का? पण उस्ताद घाबरत होते. लेक दारात येऊन "बाबा" म्हणाली, की खुर्चीत बसलेला तो वाळका म्हातारा दचकायचा, दोन्ही हात कोपरात वाकवून अंगापासून दूर वर धरायचा आणि ओरडायचा, "लांब! लांब हो! हात नको लावूस मला!" मग तिच्या हातात चहाचा कप असो, टॉवेल असो, नाहीतर औषधाची गोळी असो. आल्यापासून तिने सगळं करून पाहिलं होतं. गोडीत घेतलं, रागावली, दटावलं. छे! हात वर ते वर.

"घे!" ती स्वयंपाकघरात येऊन कप आपटायची. "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलंय. बायकोचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, जेवलो की नाही तेही गेलं. पण मला लांब ठेवायचं तेवढं बरं लक्षात राहिलंय!"

आई तरी काय करणार? उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. उस्तादांना न्हाणीत धरायला गेली आणि स्वतःच आपटली. मनगट मोडलं. उस्तादांना साधं खरचटलंही नाही, ते नुसते उभे राहून "कोण पडलं हो?" विचारत होते. मग एक माणूस ठेवला सांभाळायला, तो दोन दिवसांत पळाला. म्हातारा आता फक्त चावायचा बाकी आहे, असं जाताना म्हणाला. शेवटी आईने डोळे पुसले आणि वृद्धांच्या एका संस्थेला फोन केला. तिथे खाट रिकामी होती. सोमवारी सकाळी त्यांची गाडी यायची होती.

लेकीला हे कळलं तशी ती आपलं दुकान हाताखालच्या बायकांवर टाकून आली. दुसऱ्या गावात तिचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान होतं. चाळिशी कधीच उलटलेली, केसांत पांढरं दिसायला लागलेलं, गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी बाई. पण घरात तिला सगळे ठिणगीच म्हणायचे. जन्मल्या जन्मल्या तिने असं काही भोकाड पसरलं होतं, की बाप म्हणाला होता, "पहिल्याच फटक्याला ठिणगी टाकली की पोरीने!" तेच नाव पडलं.

"मी दोघांनाही माझ्याकडे घेऊन जाते," ती आल्या आल्या म्हणाली होती. "संस्थाबिंस्था काही नको."

"अगं, पण ते तुला हात तरी लावू देतात का?" आई म्हणाली. "नुसती आंघोळ घालू दिली ना त्यांनी तुला, तरी माझी कुठे पाठवायची इच्छा आहे? पण तुला जवळच येऊ दिलं नाही, तर तू तरी काय करशील आणि मी या एका हाताने काय करू? ते कपडे बघ. आठवडा झाला अंगावर."

म्हणजे सगळं त्या एका आंघोळीवर येऊन ठेपलं होतं. आणि रविवार उजाडला होता.

खरं सांगायचं तर ठिणगीच्या मनात एक कोपरा असाही होता, की जाऊ देत गेले तर. आयुष्यभर ज्या माणसाने आपल्याला जवळ घेतलं नाही, त्याच्या पाठीला साबण लावायची एवढी हौस आपल्याला कशाला? असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटायची, आणि मग ती पुन्हा टॉवेल घेऊन दारात जायची.

उस्ताद म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवणारे. त्या धंद्यात त्यांचं नाव मोठं होतं. इंजिनाच्या आवाजावरून आणि धुराच्या वासावरून ते आत काय बिनसलंय ते सांगायचे. त्या इंजिनांत दाब इतका, की साधं पेट्रोल घातलं तर ते आपली वेळ यायच्या आधीच पेट घ्यायचं. मग आतून ठोके ऐकू यायचे, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसे. असे ठोके पडत राहिले की पिस्टनला भोक पडलंच म्हणून समजा. म्हणून शर्यतीचं पेट्रोल वेगळं यायचं, ड्रममधून. लालसर रंगाचं, चढ्या ऑक्टेनचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं, आणि शिसं मिसळलेलं. शिसं असलं की पेट्रोल शहाण्यासारखं आपल्या वेळेलाच जळायचं. त्याला एक गोडसर वास असायचा. बाप घरी आला की तो वास दारातूनच आत यायचा, आणि लहानपणी ठिणगीला तो जगातला सगळ्यात चांगला वास वाटायचा.

तेव्हा बाप तिला खांद्यावरून खाली उतरवत नसे. हे तिला अंधुक आठवायचं, बाकीचं आईने सांगितलेलं. वर्कशॉपच्या त्याच मळक्या कपड्यांत, डांगरीत, तिला उचलायचा, गालावर गाल घासायचा, आई ओरडली तरी ऐकायचा नाही. शर्यत झाली की तो इंजिनातले स्पार्क प्लग काढून घरी आणायचा. एका लाकडी ठोकळ्याला ओळीने भोकं पाडलेली होती, त्यांत सिलेंडरच्या क्रमाने प्लग खोचलेले असायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून भिंगातून तो एकेकाचं टोक बघायचा. टोकावर कुठे राखाडी, कुठे तांबूस पूड बसलेली असायची. त्या रंगावरून कुठल्या सिलेंडरला पेट्रोल कमी पडतंय आणि कुठल्याला जास्त होतंय, ते त्याला समजायचं.

आणि मग तो दिवस आला. ठिणगी तेव्हा शाळेतही जात नव्हती. बाप घरात नव्हता, ठोकळा खिडकीत होता. तिने सगळे प्लग उपसून काढले, जमिनीवर मांडले, त्यांची माणसं केली, एकमेकांशी भांडायला लावली. एक प्लग शिट्टी म्हणून तोंडात धरला आणि फुंकत बसली. तेवढ्यात बाप दारात आला. धापा टाकत होता. तिला बघून तो असा काही ओरडला, की आईच्या हातातलं भांडं पडलं. त्याने तिच्या तोंडातला प्लग उडवला, तिला नळाखाली धरलं आणि ओल्या फडक्याने तिचं तोंड आतून घासलं. इतकं घासलं, की हिरड्यांतून रक्त आलं. ती किंचाळत होती, आई मध्ये पडत होती, पण तो काही थांबला नाही.

त्या दिवसापासून सगळं बदललं. प्लग पुन्हा घरी आले नाहीत. बाप मागच्या दाराने यायला लागला. मागच्या अंगणात त्याने एक निळी बादली आणून ठेवली, स्वतःचा वेगळा साबण, वेगळा ब्रश, वेगळी दोरी. आल्यावर डांगरी तिथेच उतरवायची, स्वतःच धुवायची, स्वतःच वाळत घालायची. बादलीला कुणी हात लावायचा नाही. शेजारणींना आयतंच सापडलं. "नशीब काढलंस हो, नवरा आपले कपडे आपण धुतो!" आई वरवर हसायची आणि आत येऊन रडायची. आपलं धुणं नवऱ्याला स्वच्छ वाटत नाही, असंच तिने धरून ठेवलं होतं.

आणि ठिणगी धावत मागच्या दाराशी गेली, की ते दोन हात वर व्हायचे. "लांब! लांब हो!"

पोरीला वाटलं, प्लगची ओळ मोडली म्हणून बाबा रागावलेत. मग तिने काय करावं? आगपेटीतल्या काड्या काढल्या, पाटावर ओळीत मांडल्या आणि संध्याकाळी दारात बसून राहिली. "बाबा, बघा ना, मी ओळीत लावल्या. एकपण नाही मोडली." बापाने हात वर केले आणि तोंड फिरवून तो न्हाणीत गेला.

त्याची आंघोळही साधी नसायची. नखं, मान, कानामागे, केस, घासघासून तो तासभर लावायचा. पोर वाट बघून कंटाळायची. आधी रडायची, मग रुसून अंथरुणात जायची. त्यानंतर बाप यायचा. अंगाला साबणाचा वास, केस ओले. दारात उभा राहून हळू आवाजात विचारायचा, "झोपली का?"

"झोपली," आई म्हणायची.

ती झोपलेली नसायची. डोळे गच्च मिटून पडलेली असायची. असू दे, असंच पाहिजे यांना, असं म्हणत पडलेली असायची. बाप थोडा वेळ दारात थांबायचा आणि निघून जायचा. पुढे ती मोठी झाली, विचारणंही बंद झालं. लग्न होऊन जाताना तिने पाया पडायला वाकावं, तर तो दोन पावलं मागे सरला होता. सवयच लागली होती त्यालाही.

तर त्या रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. दारात भिंगरीकाका उभे होते. उस्तादांनी जुळवलेल्या गाड्या हेच पळवायचे. पहिल्याच शर्यतीत वळणावर यांची गाडी गरागरा फिरली, तेव्हापासून सगळे भिंगरीच म्हणत. आता म्हातारे झाले होते, पोट सुटलं होतं, पण वर्कशॉप अजून चालवत होते. उद्या उस्तादांना नेणार हे कळल्यावर भेटायला आले होते.

"काय उस्ताद! ओळखलंत का?"

उस्तादांनी कसलं ओळखलंय! पण त्यांनी काकांचा पुढे आलेला हात धरला, नाकाशी नेला आणि हुंगला. ठिणगी दारातून बघत होती. काकांचा हात कसा पटकन धरला यांनी!

"शिळं आहे," उस्ताद म्हणाले. "डबा उघडा ठेवला होतास."

भिंगरीकाका खो खो हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "बघा! माणसं विसरला, पण पेट्रोल नाही विसरला. अहो उस्ताद, माझा डबा नव्हे तो. एक गिऱ्हाईक आलंय. एवढी कोरी करकरीत गाडी, आणि कुणीतरी याच्या कानात सांगितलं, की शर्यतीचं शिशाचं पेट्रोल टाक, उडेल. टाकलं पठ्ठ्याने! कुठल्यातरी गोदामात पडलेलं जुनं पेट्रोल आणलं होतं. दोन-चार दिवस उडाली खरी. मग ऑक्सिजन सेन्सर मेला आणि धुराड्यातला धूर साफ करणारा कन्व्हर्टर चोंदला. सकाळपासून टाकी उपसतोय. आजच्या गाड्यांना शिसं अजिबात सोसत नाही हो. लगेच समजतं त्यांना. आपल्यालाच उशिरा समजलं."

उस्ताद मान हलवत होते. किती समजत होतं देव जाणे. पण तो गोडसर वास खोलीभर पसरला होता आणि ते जरा ताठ बसले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. ठिणगीला वाटलं, आत्ता जमेल. ती चहा घेऊन पुढे झाली.

"बाबा, चहा घ्या."

हात वर. "लांब! लांब हो!"

चहा सांडला. भिंगरीकाकांनी कप सावरला. ते उस्तादांकडे बघत राहिले, मग ठिणगीकडे.

"अजून?" ते म्हणाले. "अजून करतात हे?"

"अजून म्हणजे? तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला?" काका उठले. "चल, आत चल. वहिनींनाही बोलाव. आता कसली लपवाछपवी करायची."

स्वयंपाकघरात काका ओट्यावरचा डबा फिरवत उभे राहिले.

"माझा मुलगा तू बघितलायस ना?" शेवटी ते म्हणाले. "तुझ्याच वयाचा. वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारी बसलेला असतो. नट वेगळे, बोल्ट वेगळे करतो. त्याच्या बुटाची नाडी अजून मी बांधतो."

"जन्मापासूनच तसा ना तो?" आई म्हणाली.

"असं आम्ही सांगतो, वहिनी. जन्मला तेव्हा चांगला होता. तुमच्या ठिणगीसारखाच अवखळ. मी वर्कशॉपवरून आलो, की तसाच, त्याच कपड्यांत त्याला उचलायचो. आणि आम्ही हात कशाने धुवायचो सांगू? त्याच पेट्रोलने. ग्रीस कसं झटक्यात निघायचं! ड्रमावर कवटीचं चित्र होतं. आम्ही त्या कवटीला टोपी काढली होती खडूने. पोरगं बोलता बोलता बोलायचं थांबलं. चालताना अडखळायला लागलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उस्ताद माझ्यासोबत होते. डॉक्टर म्हणाले, याच्या रक्तात शिसं आहे. घरात कुणी रंगकाम करतं का? बॅटरीचं काम करतं का? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उस्ताद तसेच उठले आणि पळत सुटले. त्यांची गाडी दवाखान्याबाहेर तशीच उभी राहिली. रस्त्याने पळत घरी आले ते."

ठिणगीने ओट्याची कड धरली. धापा टाकत दारात उभा राहिलेला बाप तिला दिसला. आणि आपण खाली बसून, तोंडात प्लग धरून शिट्टी फुंकतोय. टोकावर ती राखाडी पूड, शिशाची.

"अगं बाई," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हिचं रक्त तपासायला नेलं होतं. मला म्हणाले, जंत झाले असतील."

"थोडं होतं शिसं हिच्यात. नंतर उतरलं. रिपोर्ट आला तेव्हा उस्ताद वर्कशॉपच्या मागे जाऊन रडले होते, मी बघितलंय. मग मला म्हणाले, आता पोरीला हात लावायचा नाही. अंगावरचं सगळं जाईपर्यंत नाही. आणि ते काही पूर्ण जात नाही भिंगरी, कितीही घासलं तरी वास राहतोच."

"मग मला का नाही सांगितलं?" आईचा आवाज चढला. "मी इतकी वर्षं त्या बादलीकडे बघून जळले! मला वाटायचं माझा विटाळ होतोय यांना!"

"वहिनींना सांगू नकोस म्हणाले. तिला कळलं तर ती एक दिवसही या कामावर राहू देणार नाही."

"नसतंच राहू दिलं!" आईने प्लास्टरचा हात ओट्यावर आपटला आणि कळवळली. "रस्त्यावर फुगे विकायला बसवलं असतं, पण त्या ड्रमापाशी नसतं जाऊ दिलं!"

बाहेरच्या खोलीत उस्ताद स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

"म्हणजे काम नाही सोडलं," ठिणगी म्हणाली. "मला सोडलं."

काकांनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले. "तसंच झालं. मीही नाही सोडलं, पोरी. पोराचं तसं झाल्यावरसुद्धा नाही. त्या आवाजाचं वेड होतं आम्हाला. काय सांगू तुला! त्यांनी निदान तुला वाचवलं. मला तेवढंही नाही जमलं."

काका गेले. मुलगा वर्कशॉपमध्ये एकटा होता, त्यांना जाणं भाग होतं. जाताना उस्तादांच्या पायाशी बसून त्यांनी गुडघ्यांवर डोकं टेकलं. उस्तादांनी ओळख नसताना त्यांच्या टकलावर हात फिरवला.

ठिणगी मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसली. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच माणसासाठी. अरे, एकदा सांगायचं तरी होतंस! पोर होते मी, पण "हात घाण आहेत, नंतर घेतो" एवढं मला समजलं असतं. मी आयुष्यभर त्या प्लगना रडले. आणि मग तिला ते गच्च मिटलेले डोळे आठवले. आंघोळ करून येत होता की रोज. दारात उभा राहत होता. नुसते डोळे उघडायचे होते आपण. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हुंदका आत दाबला.

कोपऱ्यात ती निळी बादली होती. रंग उडालेला, कडी वाकडी झालेली. आई आता तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवायची. ठिणगी बघत बसली. मग उठली, चिमटे पायरीवर ओतले, बादली विसळली आणि आतून गरम पाणी आणून भरली. साबणाची वडी ठेवली. न्हाणीच्या खिळ्याला ब्रश अजून टांगलेला होता, केस झडलेला. तो ठेवला. आईची प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी लावली.

मग ती खोलीच्या दारात गेली. या वेळी "बाबा" म्हणाली नाही. भिंगरीकाका ज्या सुरात बोलतात, त्या सुरात म्हणाली, "उस्ताद! सुट्टी झाली. चला, हातपाय धुवून घ्या."

उस्तादांनी वर बघितलं. हात खालीच होते. खोलीत तो गोडसर वास अजून रेंगाळत होता. त्यांनी आपले तळवे हुंगले.

"पाणी काढलंय?"

"काढलंय. मागे."

ते उठले. भिंतीला धरत, पाय घासत निघाले. ठिणगी मागून येत होती, हात न लावता, पण पडले तर धरता येईल एवढ्या अंतरावर. आई स्वयंपाकघराच्या दारात डोळे विस्फारून उभी होती. ठिणगीने तोंडावर बोट ठेवलं.

बादली दिसताच उस्तादांचे हात आपोआप चालायला लागले. एरवी कपही न धरता येणारी ती थरथरती बोटं! त्यांनी साबण उचलला, ब्रशावर घासला, आणि नखं धरली. एकेक नख. मग बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. शर्टाची बटणं मात्र निघेनात.

"उस्ताद, मी काढू का?"

"तू वर्कशॉपमधलीच ना?"

"हो."

"मग काढ. तुला चालेल. पण घरी जाऊन पोरांना जवळ घेऊ नकोस हां असंच. आधी आंघोळ."

"नाही घेणार," ठिणगी म्हणाली.

तिने शर्ट काढला. बापाची पाठ तिने पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिली. हाडं मोजता येतील अशी. तिने पाणी ओतलं, साबण लावला, मान घासली, कानामागे घासलं. "अजून," ते म्हणत होते. "अजून एकदा. केसांत राहतं ते." तिने पुन्हा घासलं. आई एका हाताने गरम पाणी आणून ओतत होती आणि रडत होती, आणि ठिणगी तिला डोळ्यांनी गप्प करत होती. उद्याची गाडी रिकामीच परत जाणार, एवढं आईला तिथेच समजलं.

"आता?" उस्तादांनी ओले तळवे नाकाशी नेले. बराच वेळ हुंगत राहिले. "गेला वाटतं वास."

"गेला. काहीच नाही राहिलं," ठिणगी म्हणाली. "सगळं गेलं, उस्ताद."

कोरडे कपडे घालून त्यांना पलंगावर बसवलं तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. केस ओले, अंगाला साबणाचा वास. ते जरा वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी मान वर केली, दारातल्या आईकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"झोपली का?"

आईचं तोंड सवयीने उघडलं. ते उत्तर तिच्या जिभेवर कायमचं बसलेलं होतं. ती थांबली.

"नाही," ठिणगी म्हणाली. "जागी आहे."

उस्तादांनी तिच्याकडे शेजारच्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "जागी आहे? एवढा वेळ?" ते म्हणाले. "मग पाठवा ना तिला. मी आंघोळ केलीय." आणि त्यांनी दाराकडे डोळे लावले. दाराच्या वर नव्हे, खाली, जिथे एखाद्या लहान पोरीचं डोकं दिसेल, तिथे.

ठिणगी बाहेर गेली. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. गुडघे दुखत होते, पांढरे केस कपाळाला चिकटले होते. कुठून आणायची आता ती पोर? तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा दारात आली.

"बाबा," ती म्हणाली.

उस्तादांचे दोन्ही हात वर गेले. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडून धरले, घासून घासून लाल झालेले.

"बघ," ते म्हणाले. "स्वच्छ आहेत. ये."

ती गेली. जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते दोन हात तिच्या केसांवर उतरले, आधी घाबरत, मग पूर्ण. तिला रडू आवरेना. उस्ताद तिचे केस चाचपत होते, मधल्या पांढऱ्या बटेपाशी त्यांची बोटं अडली. त्यांनी गोंधळून बायकोकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "ही एवढी मोठी कधी झाली?"